एडमंडचा बायोडेटा

लिक्सलिप (आयर्लंड), ४ ऑक्टोबर २०२०

ती. बाबांना सा. न.

तुम्ही फोनवर येत नाही, म्हणून लिहिते. लग्न एडमंडशीच करायचं आहे, पण तुमच्या होकाराशिवाय नाही. तुम्ही त्याचा बायोडेटा मागितला होता. मी सांगताच त्याने सोबतचा काढून दिला. नटांकडे असा एकच असतो, कामं मिळवायचा. त्यात वडिलांचं नाव आणि पगार नाही. कोरोनामुळे सध्या त्याची चित्रीकरणं बंद आहेत. तो सुपरमार्केटमध्ये माल लावतो. माझी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातली नोकरी चालू आहे.

माया आहे तेवढी तरी राहू द्या.
निहारिका

नागपूर, ९ नोव्हेंबर २०२०

चि. निहारिका हिस अनेक आशीर्वाद.

बायोडेटा दोनदा वाचला. उंची कळली. घोडेस्वारी, तलवारबाजी आणि स्कॉटिश बोली येते, हेही कळलं. वयाच्या जागी 'तीस ते पंचेचाळीस' आहे. नक्की वय कळव.

त्याच्या कामांपैकी अकरा तुझ्या भावाने, विक्रांतने, इंटरनेटवर शोधून दाखवली. नऊमध्ये हा मरतो. दोनदा तर सुरुवातीलाच मेलेला असतो. लग्न एकातही झालेलं नाही. तुझी आई दर वेळी उठून देवापाशी जाते. ती म्हणते, जावई व्हायचं असेल तर यापुढे पडद्यावरही मरायचं नाही. हे कबूल असेल तर तिची ना नाही. माझं ठरलेलं नाही.

प्रकृतीस जप. रागावलो तरी आठवण येते.
गुरुनाथ

लिक्सलिप, १७ जानेवारी २०२१

ती. बाबांना सा. न.

वय एकोणचाळीस. आईची अट त्याने कबूल केली. डिसेंबरात चित्रीकरणं सुरू झाल्यावर आलेली एका प्रेताची भूमिका सोडली.

आता इथल्या विकलो परगण्यात एक मालिका होते आहे. आठ भाग आहेत आणि नटांच्या नामावलीत याचं नाव दुसरं. वीस वर्षांत असं काम आलं नव्हतं. सातव्या भागात मरतो. फेब्रुवारीअखेर कळवायचं आहे. 'आईंना शब्द दिलाय, नकार कळवतो,' एवढंच म्हणाला. मग दिवसभर स्वयंपाकघरातली कपाटं पुसत होता.

आईला यातलं सांगू नका. लोभ असू द्या.
निहारिका

नागपूर, २० फेब्रुवारी २०२१

चि. निहारिका हिस अनेक आशीर्वाद.

पोस्टाने मुदत टळेल, म्हणून विक्रांत या पत्राचा फोटो पाठवतो आहे.

मी वीज मंडळात एकतीस वर्षं काढली. बढती घेताना कुणाच्या आईला विचारलं नाही. त्याला काम घ्यायला सांग. तो सोडायला निघाला होता, मला तेवढं पुरे. माझा होकार समज.

सातव्या भागापासून आमच्याकडचं इंटरनेट बंद राहील. विक्रांतला सांगून ठेवलं आहे.

दोघांना आशीर्वाद.
गुरुनाथ