चौदा सेकंदांची कॉपी

दि. ४ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात पाणी झालं आहे. वर्गातली पोरं चाळीस वर्षं असलंच काहीतरी म्हणत होती, आता फोटोतच दिसलं. सर्जनबाई म्हणाल्या, मेंदूत पाणी सगळ्यांच्याच तयार होतं आणि आपसूक जिरतं. माझं तुंबलंय. म्हणून पावलं फरशीला चिकटतात, नावं आठवत नाहीत, आणि संडासाची घाई अशी होते की पोचेपर्यंत अब्रू टिकेल याची खात्री नाही. आपल्या नदीच्या कवितेचं चौथं कडवंसुद्धा गेलं गं. तेवढं लिहून पाठव.

उपाय आहे. डोक्याला बारीक भोक पाडून कातडीखालून पोटापर्यंत नळी सोडायची, मध्ये एक झडप बसवायची. जादाचं पाणी पोटात. पण त्याआधी परीक्षा असते. बोळात दहा मीटर चालायचं, मग कमरेत सुई घालून थोडं पाणी काढायचं आणि पुन्हा चालायचं. पाणी काढून चाल सुधारली, तरच ऑपरेशन.

परीक्षा मी गाजवली! पलंगापासून दारापर्यंत शाळेचा एक तास घेणारा मी, पहिल्याच फेरीत चौदा सेकंद. ओठ का हलताहेत म्हणून नर्सने विचारलं, तर देवाचं नाव घेतोय म्हणालो. पाणी काढल्यावरही चौदाच. बाईंचा चेहरा मात्र पडला. फरकच नाही, तर नळीचा उपयोग दिसत नाही, म्हणाल्या. पुढे चाकांची खुर्ची. म्हणजे पेपर सोपा गेला आणि मी नापास!

पत्र सूनबाई टाकेल. पेटी कोपऱ्यावरच आहे, पण मला ती परदेशात.

लोभ माझ्या डोक्यासारखा तुंबू न देता वाहता ठेवावा.

तुझा,
ठोंब्या


दि. ९ जून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. देवाचं नाव? तू? शाळेत प्रार्थनेच्या वेळी खिडकीतून ढग बघत उभा राहणारा तू? कविता म्हणत होतास, खरं की नाही?

सहा वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवर पुलापाशी तू रोज फतकल मारायचास. मी नदीची कविता सुरू केली की उठायचास, थांबले की पुन्हा बसायचास. त्या चार कडव्यांवर तुला वर्षभर शाळेत ओढत नेलंय मी. मला शिकवू नकोस.

जन्मभर पोरांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढल्यास आणि सत्तरी उलटल्यावर स्वतः कॉपी केलीस! बाईंनी तुझे पाय तपासले की कविता? ऊठ, जा आणि कबूल कर. तोवर चौथं कडवं मिळायचं नाही.

या गुडघ्यांनी मला दोन मजले उतरता येत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. आपली भेट व्हायची तर तुझ्याच पायांनी. तू खुर्चीत बसलास तर उरलेले दिवस आपण एकमेकांना तिकिटंच चिकटवत बसू.

रागावले आहे, पण रागाखाली लोभ शाबूत आहे.

अक्का


दि. १७ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

गेलो आणि सर्जनबाईंसमोर मान खाली घालून उभा राहिलो. बाकावर उभं करतील असं वाटलं होतं. त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, अडलेली पावलं कधीकधी ठेक्यावर सुटतात, पण त्यामुळे खरी चाल त्यांना दिसलीच नाही. खरं सांगायचं तर मला फक्त छान दिसायचं होतं गं. नर्सच्या हातात घड्याळ होतं, मला वाटलं बक्षीस समारंभ आहे.

पुन्हा परीक्षा झाली. या वेळी काल काय काय जेवलो ते मोठ्याने सांगत चालायचं होतं. जेवण आठवेना, कविता शिरेना. एकेचाळीस सेकंद, आणि तीन ठिकाणी फरशीला डिंक. पाणी काढून पुन्हा चालवलं, तेव्हा एकोणीस! नापास होऊन इतका आनंद झालेला विद्यार्थी मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.

दोन जुलैला ऑपरेशन. विनोद करतोय, पण रात्री हात डोक्यावर जातो. काही कमीजास्त झालं तर ते कडवं सूनबाईला कळव. कुणाकडे तरी चारही असावीत.

लोभ असावा, या पंधरवड्यात जरा जास्तच.

तुझा,
ठोंब्या


दि. २५ जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आहे. अर्धं डोकं भादरलेलं आहे, कानामागे टेंगूळ आहे, पोटावर टाके आहेत. आरशात बघितलं तर कुणीतरी घाईत दुरुस्त केलेला नळ दिसतो. पण संडासापर्यंत अब्रूनिशी पोचतो. नातींची नावं एकमेकींना देत नाही. बाईंनी लोहचुंबकापासून लांब राहायला सांगितलंय, झडपेचं ठरवलेलं माप हलतं म्हणे. माझ्यावर चुंबकाचा परिणाम व्हायची ही पहिलीच वेळ!

लोभ घेऊन पुढच्या महिन्यात स्वतःच येतोय.

तुझा,
ठोंब्या

ता. क. हे पेटीपाशी उभा राहून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं. सूनबाईला मागे थांबवून एकटा आलो. इथे पोचल्यावर ध्यानात आलं की वाटेत कवितेची एक ओळही म्हटली नाही. मग पेटीला टेकून म्हणून पाहिली. तीनच कडवी आली, चौथं अजून गायब. पाठवू नकोस. तुझ्या जिन्याला मात्र मला ठेका लागेल. तीन कडव्यांवर मधल्या वळणापर्यंत येईन. चौथं तू वरून म्हण.