चौथ्या बाजूचं कुंपण

यारन क्रीक, न्यू साउथ वेल्स
१२ मार्च १९१६

चि. क्लेम यास आजीचा आशीर्वाद.

इजिप्तहून आलेलं तुझं पत्र पोचलं. त्यात वाळू, उंट आणि वाईट चहा, एवढंच आहे. वाळू इथेही आहे आणि चहा मीही वाईटच करते. तेवढ्यासाठी पलटणीत नाव घालून बोटीत बसायची गरज नव्हती.

वर पत्ता बघितलास का? नसेल तर बघ. मी विनीचं घर सोडलं. तुझी आत्या रडली, जावई तोंड वळवून हसला, आणि मी गादी, कोंबड्या नि चहाचं डबडं घेऊन तुझ्या झोपडीत येऊन राहिले. कारण ऐक. मी दुकानात पीठ घेत होते आणि प्राउझ मोठ्यानं सांगत होता की टूमीच्या पोराची जमीन आता सरकारजमा होणार, मग आपण ती आपल्या मेंढ्यांच्या रानाला जोडून घेऊ. माणसानं जागेवर राहायचं आणि पाच वर्षांत चारी बाजूंना कुंपण घालायचं, नाहीतर जमीन परत. ही अट तू सही करून घेतलीस. तीन बाजू घातल्यास आणि चौथीच्या वेळी बंदूक खांद्यावर टाकून निघालास. टूमींची रीतच ती. तुझ्या बापानं लग्न केलं, तुला जन्म दिला आणि सोनं शोधायला पश्चिमेकडे गेला, तो अजून शोधतोय.

चौथी बाजू नेमकी प्राउझच्या अंगाला. मधलं कुंपण दोन शेजाऱ्यांनी निम्मं निम्मं घालायचं असतं. पण हा का घालेल? उघडं आहे तोवर त्याच्या मेंढ्या तुझं गवत खातात. मी तिथेच सगळ्यांदेखत सांगितलं की टूमीची जागा रिकामी नाही, तिथे टूमी राहतो. कोण टूमी, म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, मी.

नन्सनी मला दोन हिवाळे शिकवलं, त्यात एवढंच अक्षर आलं. लागलं नाही तर तुझा तो मित्र पर्सी शिकलेला आहे म्हणतोस, त्याच्याकडून वाचून घे.

लोभ आहेच. तो वाढवायला सांगायची पद्धत आहे म्हणून सांगितलं.

तुझी आजी


फ्रान्समध्ये कुठेतरी (नाव लिहिलं तर साहेब खोडतात)
२० जून १९१६

ती. आजीस क्लेमचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पर्सीला वाचून दाखवलं. तो म्हणतो, ही बाई आमच्या सार्जंटला मिठाशिवाय खाईल. केकही पोचला. डब्याला तू डाख इतका घट्ट लावला होतास की शेवटी संगिनीनं उघडावा लागला. मी मनुका मोजेपर्यंत निम्मा पर्सीच्या पोटात गेला होता. त्यानं तुला नमस्कार सांगितलाय आणि पुढच्या खेपेला मोठा डबा, असंही.

थट्टा पुरे. आजी, तू परत जा. त्या झोपडीत साप शिरतात, हे मी तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. जमीन गेली तर दुसरी मिळेल. दुसरी आजी मी कुठून आणू?

इथेही मी कुंपणच घालतोय. तारेचं काम कुणाला येतं असं साहेबानं विचारलं आणि मी मूर्खासारखा हात वर केला. खांब लोखंडी, पिळून जमिनीत घुसवायचे, कारण घण मारला तर समोरचे ऐकतात. जिकडेतिकडे तारा आहेत आणि मेंढी औषधालासुद्धा नाही.

विनी आत्यास नमस्कार. लोभ असू द्यावा, राग नको.

तुझा क्लेम


यारन क्रीक
५ ऑक्टोबर १९१६

चि. क्लेम यास आशीर्वाद.

परत जा म्हणालास. नाही गेले. साप एकच होता, तो आता नाही.

चौथ्या बाजूचं काम चालू झालंय. प्राउझ त्याचा वाटा घालत नाही तर सगळीच बाजू मी घालीन. पडलेली झाडं पुष्कळ आहेत, पण ती फोडून खांब काढायचे तर घण लागतो, आणि घण मला उचलत नाही. म्हणून मी नोस्केला धरला. हो, तोच, दक्षिणेकडचा जर्मन. गावानं त्यांची अंडीसुद्धा घेणं सोडलंय. त्याची बायको अडली तेव्हा सुईणबाई म्हणाली की त्या घरचा उंबरा मी चढणार नाही. मग मी गेले. पोर पायाळू होतं. रात्र गेली, माझी कंबर गेली, पण दोघी जिवंत आहेत. मुलगी झाली, बापासारखी मोठ्या कानांची. काय देऊ, असं नोस्केनं विचारलं. मी म्हटलं, खांब. आता तो शनिवारी येतो, फोडतो, पुरतो आणि जातो. बोलत नाही, हा त्याचा दुसरा गुण.

प्राउझ मोटार घेऊन बघायला आला. म्हातारपणी कशाला दगदग, असं मायेनं म्हणाला. मी त्याला सांगितलं की तुझ्या आईचं वय माझ्याएवढंच आहे, तिला पाठव मदतीला.

परवा एक झालं. हल्ली माणूस गेल्याची तार सरकार पाद्र्याच्या हाती पाठवतं. मी खड्ड्यात उभी होते आणि वर बघते तर फादर डायनननी घोडा आपल्या वाटेला वळवलेला. मी कुऱ्हाड घट्ट धरून उभी राहिले. जवळ आले, टोपी काढली आणि देवळाच्या जत्रेसाठी मुरंबा मागितला. मी त्यांना जे बोलले ते लिहीत नाही. पुढच्या वेळी मुरंबा हवा असेल तर लांबूनच ओरडत या, एवढं त्यातलं लिहिण्यासारखं.

पर्सीला मोठा डबा पाठवलाय. तूही खा.

तुझी आजी


फ्रान्स
३ डिसेंबर १९१६

आजी,

पर्सी गेला. आम्ही दोघं तारेवर होतो. डबा आला तेव्हा तो नव्हता.

त्याच्या आईला पत्र लिहायला बसलो. काय लिहावं ते सुचेना, म्हणून केक त्याला आवडायचा एवढं लिहिलं.

ज्यांनी त्याला मारलं त्यांच्या माणसाच्या हातचं कुंपण मला माझ्या जमिनीवर नको. त्याचे खांब उपटून टाक. प्राउझच्या मेंढ्या परवडल्या.

क्लेम


यारन क्रीक
११ फेब्रुवारी १९१७

चि. क्लेम यास आशीर्वाद. तुझ्या पत्रात नमस्कार नव्हता, तरीही.

पर्सीचं वाईट झालं. फार वाईट झालं. त्याच्यासाठी मेणबत्ती लावली. तो आपल्या देवळातला नव्हता, पण आपल्याकडचा केक त्याला चालत होता, मेणबत्तीही चालेल. त्याच्या आईला तू केकाबद्दल लिहिलंस ते बरोबर लिहिलंस. देशाबिशाबद्दल तिला इतरांनी लिहिलं असेल.

आता खांबांचं. उपटणार नाही. पर्सी गेला त्या आठवड्यात नोस्के माझ्यासमोर मांडीपर्यंत खड्ड्यात उभा होता, मी साक्षीला आहे. तुला उपटायचेच असतील तर इथे ये आणि स्वतःच्या हातानं उपट. खोल पुरलेत, घाम येईल. त्यासाठी आधी तिथून धड यावं लागेल, ते बघ.

तू काय लिहिलंस ते मी त्याला सांगितलं. लपवून काम करून घ्यायला मी प्राउझ नाही. तो म्हणाला की येणं थांबवू का. मी विचारलं, तुझी पोरगी परत पोटात घालता येते का? नाही ना? मग उचल पहार.

राग माझ्यावर ठेव. मला झेपतो.

तुझी आजी


विनीचं घर, मेन स्ट्रीट
१७ जून १९१७

चि. क्लेम यास विनी आत्याचे अनेक आशीर्वाद.

आईनं मला शपथ घातली आहे, ती मोडून लिहिते. ओल्या ओंडक्यावर चढून तार धरत असताना ती घसरली. बरगड्या मोडल्या. नोस्केनं तिला गाडीत घालून इकडे आणलं आणि आमच्या फाटकाशी ठेवून आत न येताच गेला. डॉक्टरांनी अंथरुणातून हलू नका म्हणून बजावलं. रविवारी आम्ही प्रार्थनेहून परतलो तर अंथरूण रिकामं. डेअरीसाठी साय गोळा करणाऱ्याच्या गाडीत, डब्यांच्या मध्ये बसून ती परत गेली! आम्ही दोघं मागोमाग गेलो, तर आम्हाला चहा दिला आणि उजेड आहे तोवर निघा म्हणाली.

बाळा, तुझं ती ऐकेल. तिला लिही की जमीन सोड. इथे सर्व क्षेम. स्वतःला जप.

तुझी आत्या विनी


इंग्लंड, इस्पितळ
९ नोव्हेंबर १९१७

ती. आजीस सा. न.

अक्षर वाकडं आहे कारण पडून लिहितोय. हाताला थोडं लागलं. जेवण बरं आहे. काळजी नको.

तू पडलीस ते आत्यानं कळवलं. आजी, आता पुरे. प्राउझला जमीन देऊन टाक. मी ती घेऊन काय करणार? कागद पाठव. सहीच्या जागी अंगठा चालला तर बरं.

क्लेम


यारन क्रीक
२० जानेवारी १९१८

चि. क्लेम यास आशीर्वाद.

तू जखमी झाल्याची तार आली होती. पोस्टातला माणूस घेऊन आला, फादर नाहीत, तेव्हाच कळलं की तू जिवंत आहेस. मी त्याला घोटभर चहा दिला आणि मग उघडली.

अक्षर पडून लिहिल्यामुळे वाकडं नाही. माझा भाऊ डावखुरा होता, नन्सच्या छड्या खाऊन उजव्यानं लिहायला शिकला. सवय नसलेल्या हाताचं अक्षर मला लांबून ओळखू येतं. तेव्हा थोडं लागलं वगैरे विनीला लिही. मला एका ओळीत लिही, मनगटापासून गेला, कोपराखाली गेला की खांद्यापासून. कुऱ्हाडीला दांडा कसा बसवायचा ते त्यावर ठरेल.

तुला हसायला एक गोष्ट. जमीनखात्याचा नवा साहेब घोड्यावरून आला. मी त्याला राहती झोपडी दाखवली, खांब दाखवले, माझं नाव लिहून घे म्हटलं. त्यानं टोपी मागे सारली आणि विचारलं की बाई, तुम्ही इथे कशासाठी राहता? रणावर गेलेल्याची जमीन लढाई संपेपर्यंत कुणी काढून घेऊ शकत नाही, असा नियम केव्हाच झालाय. कोर्टाच्या भिंतीवर कागद लावला होता म्हणे. मी कोर्टाच्या भिंती कशाला वाचू? प्राउझ वाचतो. त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं आणि तो मोटारीत बसून मला दगदग करू नका सांगत होता. एक सबंध दिवस मी कुणाशी बोलले नाही, कोंबड्यांशीसुद्धा. मग उठून चूल पेटवली. फुकट गेलं म्हणावं तर खांब उभे आहेत, आणि नियमानं कधी खांब पुरलेला मी बघितला नाही.

आता तुझं. जमीन तुझी, विकायची तर वीक. पण मी कागद पाठवणार नाही. इस्पितळात पडून, अंगठा उमटवून नाही विकायची. इथे ये, तिच्यावर पाय ठेव, प्राउझला समोर उभा कर आणि मग वीक. मी मध्ये बोलणार नाही. खांब सगळे झाले. प्राउझच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या तारा तेवढ्या ताणायच्या आहेत. नोस्के ते करू का म्हणत होता, मी नको म्हटलं. ते मालकानं करायचं. मालक कोण ते आधी ठरू दे.

एका हातानं काय होणार, हे मला विचारू नकोस, मला काय ठाऊक. मला दोन आहेत आणि तरी मी ओंडक्यावरून पडले.

तुझी आजी


समुद्रावर
१४ एप्रिल १९१८

ती. आजीस सा. न.

कोपराखाली. येतोय, विकायला.

क्लेम


यारन क्रीक
२३ जून १९१८

ती. आजीस क्लेमचा सा. न. वि. वि.

स्टेशनवर आत्या गळ्यात पडली आणि तू माझ्या डाव्या हातात झोपडीची किल्ली ठेवलीस. म्हणालीस की मी विनीकडे राहते, मी समोर असले की तू माझं तोंड बघून ठरवशील. बाहीकडे एकदाच बघितलंस, आणि कोपर शाबूत आहे म्हणजे भार घेता येईल, एवढंच बोललीस. तेव्हा मला राग आला होता. म्हणून हे पत्र.

मी इथे आलो तो विकायचं ठरवूनच. प्राउझला निरोप धाडला होता, गुरुवारी दुपारी कागद घेऊन या. सकाळी शेवटचं म्हणून चौथ्या बाजूनं चालत गेलो. एकही खांब हलत नाही. हलवून बघितला, एका हातानं, मग खांद्यानं. पर्सीची आठवण झाली. उपटून टाक म्हणून लिहिलं होतं, ते आता म्हणायला तोंड नव्हतं.

कोपऱ्यात, तारा सुटलेल्या होत्या तिथून, प्राउझच्या मेंढ्या आत आल्या होत्या. पाहुण्यांसारख्या नाही, घरच्यांसारख्या. मी शिव्या देत धावलो, दोनदा पडलो, पण सगळ्या बाहेर काढल्या. मी वळलो की त्या पुन्हा आत. तिसऱ्या वेळी मी तार उचलली. ताणायचा दांडा डाव्या हातानं ओढता येतो, कोपराखालचा तुकडा वरून दाबला की भारही पडतो. पण ताणून धरलेली तार बांधणार कोण?

दक्षिणेच्या कुंपणापलीकडे नोस्के टोपी हातात धरून उभा होता. किती वेळ होता कोण जाणे. बोलावल्याशिवाय येणार नाही, हे दिसत होतं. मीही बोलावलं नाही. शेवटी मेंढ्या पुन्हा आत येऊ लागल्या आणि मी ओरडलो की मला गाठ मारता येत नाही. तो तारांमधून वाकून आत आला. मी ओढायचं, त्यानं बांधायचं. आणखी, म्हणायचा, आणखी. बाकी काही नाही. जाताना त्यानं सांगितलं की पोरीला दात येतायत आणि सगळं घर जागं असतं.

पाव करून बघितला, दगड झाला. तो तू राखेत किती वेळ ठेवतेस ते सांग.

दुपारी प्राउझ आला, नेहमीसारखा आपल्या रानातून आडवी मोटार घालत. तारेपाशी थांबावं लागलं. उतरला, नव्या तारेकडे बघितलं, माझ्या बाहीकडे बघितलं आणि तारेवरूनच कागद पुढे केला. मी त्याला सांगितलं की काम असेल तर रस्त्यावरच्या फाटकानं या, इकडून आता वाट नाही. तो मोटारीत बसला आणि घरी गेला.

लोभ आहे तो माहीत आहे. तू ये.

तुझा क्लेम