दगडाबाईंची सून

परंडा
१६ जानेवारी २०२४

ती. मथुआत्या यांस,
दीपमालाचा सा. सलाम. वि. वि.

तुमच्या कानाचं यंत्र अजून डबीतच आहे, असं बलभीमदादा फोनवर सांगत होते. दागिना असल्यासारखं ठेवता म्हणे. म्हणून हे पत्र. जे सांगायचं आहे ते फोनवर ओरडून सांगण्यासारखं नाही.

नाताळ बरा झाला. हर्षालीनं चर्चमध्ये मंडळीपुढं गाणं म्हटलं. आमचे हे नेहमीसारखे एसटी घेऊन कुर्डुवाडीच्या फेऱ्यांवर. थंडी आहे, शेजारच्यांनी हुरड्याची कणसं आणून दिली, तुमची आठवण झाली.

आता खरं लिहिते. सासूबाई सगळं विसरत चालल्यात. डॉक्टर म्हणाले, हा म्हातारपणाचा मेंदूचा आजार आहे, माणूस यातून माघारी फिरत नाही. त्या मला ओळखत नाहीत. पाटल्या चोरायला आलेली बाई समजतात आणि तसं गल्लीला ओरडून सांगतात. भरवावं, धुवावं, पुसावं आणि वर शिव्या खाव्यात, असं वर्षभर चाललंय.

नाताळानंतरच्या एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात माझं नाव घेतलं. पवित्र जीवन कसं असतं ते पाहायचं असेल तर दीपमालाताईंच्या घरी जा, असं म्हणाले. बायका वळून बघायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घरी आले आणि सासूबाईंना भरवायला बसले. त्यांनी वरणभाताचा घास माझ्या तोंडावर थुंकला आणि हसल्या. आत्या, मी त्यांचं मनगट धरून पिरगाळलं. मुद्दाम, त्यांना दुखावं म्हणून. म्हातारी कातडी, लगेच निळं आलं. हर्षाली दारात उभी होती.

तेव्हापासून ती शाळेतून आली की ताट माझ्या हातातून काढून घेते आणि आजीला स्वतः भरवते. नववीतली पोर आईवर पहारा ठेवते आहे.

मी उपास केला. पुन्हा राग येऊ देणार नाही, असं देवाला वचन दिलं. दिलं त्याच दुपारी मोडलं. ह्यांना यातलं काही ठाऊक नाही. सोलापूरला म्हाताऱ्या माणसांसाठी एक घर आहे, आईला तिथं ठेवू, असं हे म्हणतात. हो म्हणू का? त्या जड झाल्या म्हणून नाही, मला माझीच भीती वाटते म्हणून. पवित्र आत्मा आपल्याला साहाय्य करतो, असं लहानपणापासून ऐकत आले. मग माझ्याच वाट्याला ते का येत नाही? का ते आधीपासून चांगल्या असलेल्या माणसांसाठीच असतं?

दादांना, वहिनींना सलाम. माया कमी करू नका, एवढंच मागणं.

तुमची
दीपमाला


माकणी
२५ जानेवारी २०२४

चि. सौ. दीपमाला हिस,
अ. उ. आ.

बलभीमाला चुगली करायला दुसरं काम न्हाय. यंत्र घातलं की त्याच्या बायकोचा मिक्सर आणि त्याचं घोरणं, दोन्ही कानात शिरतं. देवानं दिलेलं बहिरेपण म्या कशाला परत करू? इथं गहू चांगला हाय, धरणाचं पाणी अजून मिळतंय. गुडघे सोडून सगळं ठीक.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खोटा धीर देणार न्हाय. केलंस ते वाईट केलंस. म्हातारं माणूस लेकरागत असतं, त्याला दुखवू ने. हे तुला माहीत हाय म्हणून तर तू लिहिलंस.

मिशनच्या दवाखान्यात म्या जन्मभर आजाऱ्यांचं हागणं-मुतणं काढलं. लोक देवमाणूस म्हणायचे. लोक असं म्हणायला लागले की एक नुकसान होतं पोरी, आपल्याला मदत मागायची लाज वाटाया लागती. तुझं तेच झालंय.

कडब्याचा भारा एकटीला डोक्यावर घेता येत न्हाय, कुणीतरी हात लावावा लागतो. तू मात्र देवाला वचन दिलंस की भारा मी एकटीच उचलून दावते, तू लांबून बघ. अगं, तो काय परीक्षा घ्यायला बसलाय? तो हात लावायला उभा हाय. वचनं देऊ नको, हाक मार. राग आला की त्याच घटकेला मार, राग घेऊनच मार. मन धुऊन-पुसून घेते आणि मग देवापुढं जाते, असं म्हणशील तर ती वेळ कधी यायची न्हाय. चांगल्या माणसांसाठी असतं का म्हणून विचारतेस. चांगल्यांना कशाला लागतंय?

आणि त्याची मदत दर टायमाला आभाळातूनच येती असं न्हाय. कवा चपला घालून गल्लीतनं येती. तू दार लावून, नाव सांभाळत बसलीस तर ती माघारी जाईल. आधी लेकीपुढं कबूल हो. मग तुझ्या नवऱ्याला, याकोबरावांना सांग. म्हातारीला सोलापूरला ठेवणं पाप न्हाय. पण लपवाछपवीतनं ठरवू नको. आधी उजेडात ये, मग काय ते ठरव.

दगडाबाईला माझा सलाम सांग, ओळखो न ओळखो. याकोबरावांना आणि हर्षालीला आशीर्वाद. रागावली असलीस तर तसंच लिही, पण लिही.

तुझी आत्या
मथुरा


परंडा
१२ मार्च २०२४

ती. मथुआत्या यांस,
दीपमालाचा सा. सलाम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. रागावले नव्हते. म्हणजे दोन दिवस रागावले होते, मग तुम्ही सांगितलं तसं करायला लागले, त्यात वेळ गेला.

आधी हर्षालीशी बोलले. आजीला दुखवलं ते मुद्दाम दुखवलं, चुकले, असं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता तिनं विचारलं की पुन्हा करणार नाहीस ना. कधीच नाही, असं अगदी ओठावर आलं होतं. पण म्हणाले, माझं मला सांगता येत नाही, मी देवाकडं रोज मागते, आणि तुला दिसलं तर मोठ्यानं हाक मार. मग ती जवळ आली. कितीतरी दिवसांनी.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे उठून बाहेर गेले आणि धुतलेली मोटारसायकल पुन्हा धूत बसले. आत आल्यावर म्हणाले की दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घेऊन मी गाडीवर राहतो ते कामासाठी नाही, आईचं असं झालेलं बघवत नाही म्हणून. आता सुट्टीच्या दिवशी आईची अंघोळ हे घालतात. पाणी गरम आहे का, हे मलाच चारदा विचारतात, पण घालतात.

महिला मंडळात उभं राहून सांगितलं की माझं नाव उदाहरणाला घेऊ नका, मी सासूला इजा केली आहे. वाटलं, आता संपलं. मग एकजण आपल्या घरातलं बोलली, मग दुसरी. तेव्हापासून दुपारी कुणी ना कुणी येऊन सासूबाईंजवळ बसतं. शेजारच्या चैतालीताई बुद्धविहारात जाणाऱ्या, त्यांना मी काही सांगितलंही नव्हतं. त्याच एकदा म्हणाल्या की भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं, हाक का मारत नाहीस.

मग एका दुपारी ती वेळ आली. सासूबाईंनी अंथरूण घाण केलं होतं, मी बदलत होते, तर त्यांनी पितळी तांब्या फेकून मारला. भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं आणि माझा हात वर गेला. आत्या, मी हाक मारली. चांगल्या शब्दांत नाही. बापा, मला हिला मारायचंय, मला धर, अशी. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. हात खाली आला, एवढंच झालं. तो मी आणला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. बाहेर येऊन चैतालीताईंना हाक मारली. पिठाच्या हातानंच धावत आल्या, आधी माझी जखम दाबून धरली, मग सासूबाईंना धुतलं. राग संध्याकाळपर्यंत पोटात होताच. पण त्याच्यापाशी मी एकटी नव्हते.

सगळं सुधारलं असं समजू नका. मागच्या आठवड्यात पुन्हा ओरडले. हर्षालीनं हाक मारली, थांबले. सोलापूरचं तूर्त नको, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. पुढं जमेनासं झालं तर तेही मिळूनच ठरवू.

काल मी त्यांची वेणी घालत होते. त्यांनी विचारलं की तू कुणाची गं. इथलीच, म्हटलं. मग माझ्या कानाशी येऊन हळूच सांगायला लागल्या की ह्या घरात माझी सून हाय, लई तापट हाय, पर मनानं वाईट न्हाय. कोवळी होती तवा आली, सगळ्यांचं करून करून दमली. तिच्यासाठी कुणी मागत न्हाय, म्हणून म्या रोज मागते. तू बसतीस का माझ्याबरोबर?

मी बसले. सकाळी काय खाल्लं ते जिला आठवत नाही त्या बाईनं हात जोडले आणि एक शब्द न अडखळता प्रार्थना केली. दीपमालाला बळ दे, दीपमालाला झोप लागू दे, दीपमालाला तू सोडू नको. वर्षभर माझं नाव त्यांच्या तोंडात नव्हतं. त्या माझ्यासाठी मागत होत्या आणि मी शेजारी बसून आमेन म्हणाले.

झाल्यावर मला बजावलं की सुनेला यातलं सांगू नको हां, कळलं की ती रडती.

गुडघ्यांना तेल लावत जा. तुमचा आशीर्वाद असाच येत राहू दे.

तुमची
दीपमाला