तुमच्या बहिणीबद्दल तक्रार आहे

लिंबायत, सुरत

प्रिय मधुकरराव यांस चिंधाचा नमस्कार.

अमळनेरला सगळे ठीक असाल, तुमचा गुडघाही आता वाकत असेल. माझं म्हणाल तर तक्रार आहे, आणि ती तुमच्या बहिणीबद्दल आहे. इंदुबाईचं वर्षश्राद्ध आपण दोघांनी मिळून केलं, कावळाही आढेवेढे न घेता शिवला, म्हणून ती गेली असं आपण धरून चाललो. ती गेलेली नाही.

माझ्या मोठ्या आतड्याला बारीक पिशव्या झाल्यात हे तुम्हाला माहीत आहेच. (पुरुषालाही पिशवी असते का, असं शेजारच्या छगनच्या आईने गल्लीभर विचारून झालं.) त्या सुजल्या की डाव्या कुशीत कळ येते, ताप भरतो. डॉक्टरांचं सांगणं सोपं आहे. बरं असताना भाज्या, फळं, इसबगोल. दुखायला लागलं की ते बंद करून पातळ पेज, आणि ताप आला तर थेट दवाखाना. मी सहा महिने टोमॅटोच्या बिया सुईने काढत बसलो होतो, ते ऐकून डॉक्टर पोट धरून हसले. (काका, बिया रहेवा दो, पाणी वधारे पीओ. वधारे म्हणजे जास्त.)

आता तक्रार. ज्या दिवशी दुखणार असतं त्या दिवशी सकाळी इसबगोलचा डबा ओट्यावरून नाहीसा होतो आणि तिथे पेज असते, गरम. मी एकटा राहतो, दाराला आतून कडी असते. पहिल्यांदा मी चिडून बाहेर पडलो आणि मुद्दाम दोन प्लेट लोचो, इथला तो चणाडाळीचा तेलकट प्रकार, खाल्ला, वर तळलेली मिरची. दुपारी तापाने फणफणलो. असं चार वेळा झालं, ती एकदाही चुकली नाही. हयात असताना निदान भांडता तरी येत होतं. आता मी ओरडतो आणि पातेल्यावरचं झाकण तेवढं हलतं. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटते. पेज मात्र तिच्याच हातची, मीठ कमी.

मुलांना आशीर्वाद.

आपला,
चिंधा

ता. क. : मुख्य काम राहिलंच. आतड्याचा तेवढा भाग काढायचा ठरला आहे, पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला. संमतीच्या कागदावर नातेवाईकाची सही लागते. एकट्याने जायला माझा धीर होत नाही. तुम्ही या.

ता. क. दुसरा : सहीचं राहू द्या. आत्ता कागद उघडला तर सही झालेली आहे. नाव इंदुबाई, नातं पत्नी. तारीख तिने आजची घातली आहे. मला आज काहीच दुखत नाही, तरी रिक्षा बोलावली आहे. पत्र टपालात न टाकता फोटो काढून पाठवतो. घरी येऊ नका, थेट दवाखान्यात या.