उणे की ऊन?

प्रिय आई,

आज तुझ्या कबरीवर काय बसवायचं ते अखेर ठरलं, आणि ते सगळ्यांत आधी तुला सांगावं म्हणून लिहायला बसले आहे. घरात तुला न विचारता साधा चमचा आणला तरी तू दिवसभर त्याच्याकडे संशयानं बघायचीस. मग तुझ्या अंगावर दगड कसा ठेवायचा, तुला न सांगता?

दादाला काळा ग्रॅनाइट हवा होता. वर छत्री, सोनेरी अक्षरं, अख्ख्या दौंडच्या कबरस्तानात उठून दिसेल असा. मी म्हटलं, "अरे, आईला हे आवडलं असतं का?" तर काय म्हणाला ठाऊक आहे? "न्हाई तर न्हाई. पण ही एकच वस्तू अशी हाय, जी ती कुणाला देऊन टाकणार न्हाई."

खरंच होतं ते, आई! त्यानं पहिल्या पगारातून आणलेली शाल शेजारच्या बाळंतिणीकडे गेली. मिक्सर चर्चच्या स्वयंपाकघरात पोचला. मी आणलेली जरीची साडी तर कुणाच्या तरी लग्नात नवरीच्या अंगावरच दिसली मला! आणि तुझं उत्तर ठरलेलं, "एक साडी अंगावर, एक दोरीवर. तिसरी कुठं ठिवू? प्रभूनं दिलंय तेवढं पुरं हाय."

तुझं समाधान तुला लखलाभ गं, पण देणाऱ्याचे हात तसेच पुढे राहायचे. एकदा तरी म्हणायचं होतंस, "छान आहे, ठेवते." लोक कौतुक करायचे, बाई किती साधी राहते, किती प्रार्थना करते. मला मात्र कधी कधी रडू यायचं.

तर आज दुपारी आम्ही फरशीवाल्याला घेऊन तुझ्याकडे आलो. बाबांना मातीआड केलं तेव्हा तू त्यांच्या उशाशी कडुलिंब लावला होतास, आठवतं? गँगमनच्या नोकरीत त्यांचा जन्म रुळांवर उन्हात गेला, आता तरी त्यांना सावली हवी, म्हणालीस. उन्हाळाभर डबा घेऊन त्याला पाणी घालायला यायचीस. आता तूही त्याच झाडाखाली आहेस. फरशीवाल्यानं पायानं माती उकरून पाहिली आणि मान हलवली. "ताई, मुळ्या वर आल्यात. झाड काढल्याबिगर ग्रॅनाइट टिकायचा न्हाई."

"मग काढू," दादा म्हणाला.

मी भांडले. हो, तिथंच, तुमच्या दोघांच्या देखत! तोही ऐकेना. फरशीवाला बिचारा अवघडून उभा. शेवटी विषय बदलायला म्हणून त्यानं विचारलं, "साहेब, दगडावर बायबलातलं वचन कंचं टाकायचं?"

"मेंढपाळाचं स्तोत्र. आईचं आवडतं," दादा म्हणाला आणि ओळ सांगू लागला. आणि त्याच्या तोंडून काय आलं, आई? "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही ऊन पडणार नाही."

तुझीच चूक! तुझ्या मांडीवर बसून शिकलेली. शाळेत असताना मी तुला केवढं समजावलं होतं, "आई, ऊन नव्हे, उणे. उणे म्हणजे कमी." तू शेंगा फोडत होतीस. वडगाव रासाईला भीमेकाठी वाढलेली तू, स्तोत्र नुसतं ऐकून पाठ केलेलं. हसून म्हणालीस, "आगं, आमच्या गावचे धनगर बघ. दुपार झाली की मेंढरं लिंबाखाली बसवत्यात. मेंढपाळ म्हंजी ऊन लागू देत न्हाई त्यो. आन् सावली मिळाल्यावर उणं काय ऱ्हायलं, सांग की!"

मग मीही तुझ्याबरोबर शेंगा फोडायला बसले.

आज ती ओळ म्हणता म्हणता दादा थांबला. त्यानं वर पाहिलं. भांडणाच्या नादात आम्ही तिघंही कधी त्या कडुलिंबाखाली सरकलो होतो, कळलंच नव्हतं. मग केस पिकलेला तुझा हा एवढा मोठा मुलगा हुंदके देऊन रडला. "रुते, झाड ऱ्हाऊ दे. पण मग मी आईला देऊ तरी काय?"

खालच्या फांद्या वाळल्या होत्या. तू गेल्यापासून तिथं कुणी पाण्याचा थेंब घातला नव्हता. "पाणी दे," मी म्हटलं.

तर आता बाजूला एक लहान शहाबादी फरशी बसेल, तुमची दोघांची नावं आणि खाली ती ओळ. चर्चचे पाळकसाहेब फोनवर म्हणाले, शब्द शुद्ध हवा, 'उणे'च लिहा. दादा आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी वादाला उभा राहिला! "पाळकसाहेब, चर्चमधी उणेच म्हणू. हितं आईचा शब्द ऱ्हाऊ द्या." ते हसले. म्हणाले, "बरं, बाईंचाच राहू द्या."

तर वचन देते, आई. तुझ्या झाडाला कुऱ्हाड लागणार नाही. उन्हाळ्यात दर रविवारी उपासना झाली की दादा कॅन भरून आणील, मी बरोबर असेन. पाणी मात्र तुझ्यावर ओतू, झाडावर नाही. ते तुला दिलेलं असेल. तू ते खालच्या खाली झाडाला देऊन टाकशील, ठाऊक आहे आम्हाला.

दे. या वेळी आम्ही रागावणार नाही.

तुझीच,
रुती