आत्याचा उजवा गुडघा

प्रिय नाब्बोसा,

फोन केला असता तर "बरी आहेस ना, आत्या?" एवढं विचारून तू ठेवून दिला असतास, म्हणून पत्र लिहिते आहे. तिकडे गुलूत तुझी शाळा, तुझा संसार, सगळं ठीक असेल असं धरून चालते. इथे मासाकात सगळ्यांचं बरं आहे, माझा उजवा गुडघा सोडून.

जानेवारीपासून दुखत होता, मी अंगावर काढला. तुला माझी सवय माहीत आहे. पाहुणा दारात आला की मी आधी चटईवर गुडघे टेकते, मग श्वास घेते. त्यात लग्नाच्या मुलींना शिकवायचं. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर खाली, उठताना घाई नाही. एकेकीला दहा-दहा वेळा बसवायचं आणि प्रत्येक वेळी आपणही बसून दाखवायचं. एप्रिलमध्ये केळीची गरम पानं बांधली, मे महिन्यात बाजारातल्या म्हातारीकडचं तेल चोळलं, चटईवर उशीसुद्धा घेतली. टेकणं तेवढं थांबवलं नाही. गुडघा फुगून पपईएवढा झाला.

जूनमध्ये तुझा बाबा आला. तुझ्या धाकट्या बहिणीचा, नांतुमेचा क्वांजुला, नवऱ्यामुलाला घरच्यांपुढे आणायचा सोहळा, डिसेंबरात ठरला. मुलाकडचे चाळीसेक जण येणार, अंगणात मांडव पडणार, आणि आत्याने सगळ्यांपुढे गुडघे टेकून बोलायचं, त्या गर्दीतून नवरामुलगा हाताला धरून पुढे आणायचा. माझ्या पायाकडे बघत तो म्हणाला, "तुला झेपत नसेल तर पेर्पेतुआ करेल." आमची ही बहीण कशी आहे ते तुला सांगायला नको. चार माणसं दिसली की तिची दातखीळ बसते. नांतुमेला मीच देणार, असं त्याला सुनावलं आणि दुसऱ्या दिवशी बोडावाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसून दवाखाना गाठला.

तिथे काय केलं ते ऐक, आणि हसू आलं तर हस. डॉक्टर ओलान्या म्हणून पोरगेलासा माणूस आहे. आत शिरल्या शिरल्या मी त्याच्यापुढे गुडघे टेकले, त्याची, त्याच्या आईबापांची खुशाली विचारली, आणि मग मला उठताच येईना. त्याने आणि नर्सने काखेत हात घालून मला उचललं. तो म्हणाला, "आई, तपासायच्या आधीच तुमचा आजार कळला मला." जित्याची खोड, दुसरं काय. त्याचं म्हणणं, गुडघ्याच्या वाटीपुढे एक पातळ पिशवी असते. वर्षानुवर्षं जमिनीवर दाबली जाऊन माझी ती पाण्याने भरली होती. सुईने पिवळं पाणी काढलं, पट्टी बांधली आणि बजावलं की हा गुडघा यापुढे जमिनीला लावायचा नाही, बरा झाल्यावरही नाही. जाता जाता विचारलं, घरात आणखी कुणाचा गुडघा असा सुजला होता का. मी नाही म्हणाले.

तेव्हापासून त्याने सांगितलेला व्यायाम मी एक दिवसही चुकवलेला नाही. सकाळी पाय लांब करून मांडी आवळायची, दहा मोजायचे, सोडायची. मग पाय सरळ वर उचलायचा. पहिल्या आठवड्यात डोळ्यांत पाणी यायचं, तरी मोजणं सोडलं नाही. बर्फ मासेवालीकडून आणते. त्यामुळे घरभर माशांचा वास सुटतो आणि शेजारचं मांजर माझी पाठ सोडत नाही. पण सूज निम्मी उतरली आहे. रविवारी काठीशिवाय चर्चला जाऊन आले.

तुझ्या बाबाला सांगितलं की मी मांडवात खुर्चीत बसून बोलणार. त्याचा पारा चढला. "आत्याच खुर्चीत बसली तर मुलाकडचे म्हणतील, या घरात मुलींना वळण नाही." मी म्हटलं, "आणि मला मांडवातून चार जणांनी उचलून नेलं तर काय म्हणतील, लुबेगा?" तो तीन दिवस फिरकला नाही. चौथ्या दिवशी येऊन गुरगुरला की निदान खुर्ची तरी जरा बरी आण. सुतारासमोर बसून हातांची, पाठीची खुर्ची करून घेते आहे. कोण काय म्हणेल ते मी बघून घेईन.

मागच्या आठवड्यात शिकायला आलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "आत्या, माझा पाय दुखतोय." मी तिला लगेच स्टुलावर बसवलं. मग स्वयंपाकघरात गेले. चुलीवरची मटोक्याची केळी उतरायला आली होती, पण मला हात लावायचं सुचेना. तिथेच रडले.

नाब्बोसा, त्या ईस्टरच्या सुट्टीत तू तेरा वर्षांची होतीस. नेटबॉल खेळताना पडलीस, तुझा गुडघा असाच तट्ट सुजला होता. तू दोनदा सांगितलंस की दुखतोय. मी म्हटलं, शहरातल्या शाळेचे नखरे. पाहुणे बसले होते, आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून तुला खाली दाबलं. तू ओरडलीही नाहीस, नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. अजून तो पाय तू ओढत चालतेस, हे मला दिसत आलं आहे. तुझ्या क्वांजुलाला तू मला बोलावलं नाहीस, तेव्हा भाची शिष्ट निघाली असं मी गावभर सांगत फिरले. खरं कारण मला ठाऊक होतं. परवा पुन्हा दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना सांगितलं की हो, माझ्या भाचीचा सुजला होता, आणि ते मी केलं. ते म्हणाले, तिला घेऊन या, अजूनही बघता येईल. डिसेंबरात ये. नाही आलीस तर जानेवारीत गुलूच्या बसमध्ये मी असेन, पाय कितीही दुखला तरी. आपल्यात माफी गुडघे टेकून मागतात. ती वाट मला आता बंद आहे, म्हणून खुर्चीत बसून, तुझं नाव घेऊन मागते. चुकले मी, बाळ.

दार उघडशील ना? तोवर आणि त्यानंतरही,
तुझीच,
तेओपिस्ता आत्या