बिनविरोध गाव

१२ एप्रिल
घोर अन्याय! आज चहात आलं नव्हतं. विचारलं तर प्रेमा म्हणते, "उन्हाळ्यात आलं उष्ण पडतं तुम्हाला." एवढ्या उन्हात उकळता चहा चालतो — आलं तेवढं उष्ण! नवऱ्याला आल्यावाचून ठेवणाऱ्या पत्नीस प्रायश्चित्त काय, म्हणून स्मृतिग्रंथ उघडले. काही नाही. ऋषी ताकावर भागवत असावेत.

१४ एप्रिल
शाळेत बाबासाहेबांची जयंती. वक्ता मीच. पेपरला बातम्या देणारा गावात दुसरा नाही. शिवाय संस्कृत शिकलेला माणूस कशावरही बोलू शकतो, असा लोकांचा समज आहे. मी तो मोडत नाही.
बोललो. शिकणं म्हणजे नुसतं वाचता येणं नव्हे, प्रश्न विचारता येणं. सत्तेला जाब विचारणारा विरोधक नसेल तर लोकशाही टिकत नाही, हे बाबासाहेब बजावून सांगत — वगैरे. टाळ्या! सगळ्यांत जोरात आमच्या सरपंचांच्या, व्यंकटरावांच्या.
प्रेमा बायकांत मागे बसली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच माझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं म्हणे.

१६ एप्रिल
मारुतीच्या पारावर बैठक. ग्रामपंचायत यंदाही बिनविरोध. आमच्या वॉर्डातल्या महिलांच्या जागेवर व्यंकटरावांची सून पुनम. पुनम बैठकीला नव्हती. तशी बाई एकही नव्हती. 'एकोप्याचा आदर्श' अशी बातमी पाठवली. ही हमखास छापून येते.

२१ एप्रिल
प्रेमानं अर्ज भरला! एकटी तालुक्याला, वसमतला जाऊन. मला कळलं संध्याकाळी — वार्ताहराला!
"मला सांगायचं तरी."
"सांगितलं असतं तर तुम्ही समजावलं असतं."
गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढं शेजारच्या हट्टा गावी जायचं, तर एसटी नाही. पोरं सायकली मारतात, पोरी घरी बसतात.
"दर वेळी गावाचं एकमत होतं. त्या पोरींना कोण विचारतं? तुम्हीच म्हणालात ना, कोणीतरी जाब विचारला पाहिजे?"
इतकं लक्ष देऊन ऐकणारे श्रोते वक्त्याला परवडत नाहीत.

२४ एप्रिल
व्यंकटराव आले. चहा झाला. (त्यांच्यासाठी आलं होतं!)
"उद्धवराव, वैनीला अर्ज काढून घ्यायला सांगा. गाव बराबर चालून राहिलं, मंग ही तकलीफ काहून?"
"माझ्या भाषणाला टाळ्या तर तुम्हीच वाजवल्या."
"भाषण लई झ्याक झालं. पण ते शाळेपुरतं व्हतं ना!"
मी हसलो. तेही हसले. आतून प्रेमाचा आवाज — "भाऊजी, पुनमला एकदा इकडं पाठवा. तिला उभं राहायचंय का, ते तरी विचारते."
अर्धा कप तसाच ठेवून व्यंकटराव उठले.

२७ एप्रिल
माघारीचा शेवटचा दिवस. मुदत तीन वाजेपर्यंत. तीन वाजून गेल्यावर प्रेमा म्हणाली, "पोहे टाकू?"
चिन्ह मिळालं — शिट्टी. मला दोन विनोद सुचले. दोन्ही गिळले.

१ मे
पारावर गेलो की बोलणं थांबतं. बसायला जागा करून देतात. जरा जास्तच मोठी जागा करतात.

५ मे
प्रेमा घरोघर फिरतेय. चपलेचा अंगठा तुटला, शिवून आणला, पुन्हा निघाली. मला चला म्हणाली नाही. मीही येतो म्हणालो नाही.

७ मे
उद्या मतदान. "सकाळी सोबतच जाऊ ना?" तिनं विचारलं. हो म्हणालो.
ती हरेल याची मला काळजी नाही. हरली तर सगळं पहिल्यासारखं होईल, हा विचार आज दोनदा मनात आला — आणि दोन्ही वेळा बरं वाटलं. उद्या मशीनसमोर मी एकटा असेन. बोट कुठं जाईल, मला खरंच सांगता येत नाही.